रंगाखालचे काम



दरवर्षी शाळेच्या प्रदर्शनात हस्तव्यवसायाच्या दालनात लाकडाच्या लहान लहान प्रतिकृती मांडलेल्या असतात. कोणी देवळापुढची दीपमाळ केलेली असते, कोणी बैलगाडी, कोणी आगगाडीचे इंजिन. चार हात दुरून त्या मोठ्या देखण्या दिसतात. परंतु जवळ जाऊन निरखून पाहिले की पुष्कळशा प्रतिकृतींचा रंग खडबडीत असल्याचे ध्यानात येते. लाकडाच्या रेघा रंगातून वर उमटलेल्या असतात, कडा केसाळ झालेल्या असतात, आणि जिथे लाकूड आडवे कापले आहे तिथे तर रंग जणू कोणी पिऊन टाकल्यासारखा दिसतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. तो लिहिण्याचा अधिकार मला कौशल्याने मिळालेला नाही. मी कलाशाखेची पदवीधर. वर्गात इतिहास आणि मराठी शिकविते. हा अधिकार मला एका चुकीने मिळाला, म्हणून आधी ती चूकच सांगते.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गातील एका मुलाने आपल्या आजोबांच्या उलांडीच्या होडीची प्रतिकृती करावयास घेतली. मूळ होडी सहा मीटर लांबीची होती. घरात फायबरची होडी आल्यापासून ती माडांखाली पडून होती. पावसाने ती कुजली आणि अखेर मोडून टाकावी लागली. मोडण्यापूर्वी या मुलाने सुतळी आणि मोजपट्टी घेऊन तिची सगळी मापे वहीत उतरवून ठेवली होती. त्या मापांवरून त्याने एकास वीस या प्रमाणात तीस सेंटिमीटरांची होडी कोरली. नाळेचा उठाव, बुडाची गोलाई, उलांडीचे दोन आडवे दांडे, सारे काही प्रमाणशीर होते.

लाकूड मात्र मी दिले होते. एका घराच्या चौकटीच्या कामातून उरलेला सागवानाचा तुकडा सुताराकडून मागून आणला. सागवान म्हणजे उत्तम लाकूड, एवढेच माझे त्याविषयीचे ज्ञान! प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही त्या होडीला निळ्या ऑइल पेंटचे दोन जाड हात दिले. सकाळी पाहतो तो रंग अजून चिकट, आणि त्यातून सागवानाची एकूण एक रेघ वर आलेली. परीक्षकांनी शेरा लिहिला, ‘काम स्वच्छ नाही.’ मुलाने तो वाचला, होडी पिशवीत घातली आणि जाताना एवढेच म्हणाला, “बाई, मला नीट तासता येत नाही.”

मी ती होडी एका वृद्ध सुताराला दाखविली. त्याने ती उलटीसुलटी केली, बुडावरून अंगठा फिरविला आणि सांगितले, “पोराचा हात चांगला आहे, बाई. रंग देणाराला घाई होती.” घाई माझी होती. दोष एकाचा आणि शेरा दुसऱ्याच्या नावावर, असे झाले होते. त्यानंतर मी विचारपूस करून, वाचून आणि हाताने करून पाहून जे शिकले, ते पुढे मांडीत आहे.

लाकूड आतून कसे असते?

झाड उभे असताना मुळांनी शोषलेले पाणी खोडातील अतिसूक्ष्म नळ्यांतून वर चढते. झाड तोडले, त्याच्या फळ्या पाडल्या, तरी त्या नळ्या जागच्या जागी राहतात. फक्त कोरड्या होतात. फळी लांबीच्या दिशेने तासली की या नळ्या उभ्या चिरल्या जातात आणि पृष्ठभागावर पन्हळीसारखे बारीक चर उघडे पडतात. तेच लाकूड आडवे कापले तर नळ्यांची तोंडे उघडी पडतात. रंगातून आपल्याला ज्या रेघा दिसतात त्या हेच चर होत.

सर्व लाकडांत या नळ्या सारख्याच जाडीच्या नसतात. सागवानात वाढीच्या हंगामाच्या आरंभी तयार होणाऱ्या नळ्या मोठ्या असतात. त्यांची रुंदी सुमारे ०.२ ते ०.३ मिलिमीटर भरते. म्हणजे त्या नुसत्या डोळ्यांना दिसतात. हेदू किंवा काळा कुडा या लाकडांत नळ्या फार बारीक आणि सर्वत्र सारख्या विखुरलेल्या असतात. त्या भिंगाशिवाय सहसा दिसत नाहीत. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेची खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची करतात, ती यासाठीच.

आता एक साधे गणित करून पाहा. आमची होडी मूळ होडीच्या विसाव्या हिश्श्याची होती. होडी वीसपट लहान झाली, परंतु सागवानाची नळी काही वीसपट लहान झाली नाही. ती ०.३ मिलिमीटरचीच राहिली. म्हणजे प्रतिकृतीच्या जगात तो चर ०.३ गुणिले २०, म्हणजे ६ मिलिमीटर रुंदीचा झाला. सहा मिलिमीटरांच्या शेकडो भेगा अंगावर असलेली होडी कोण दर्यावर नेईल? टेबलावर किंवा दारावर लाकडाची रेघ शोभून दिसते, कारण तिथे लाकूड लाकूड म्हणूनच दिसावयाचे असते. प्रतिकृतीत ती खटकते, कारण तिथे लाकडाने होडीचे, दगडाचे किंवा लोखंडाचे सोंग घेतलेले असते. आणि रेघ दिसली की ते सोंग उघडे पडते.

याखेरीज लाकडाचे आणखी दोन गुण ध्यानात ठेवले पाहिजेत. लाकडात मऊ आणि कठीण असे पट्टे आलटून पालटून असतात. बोटाखाली नुसता कागद धरून घासले की मऊ पट्टा अधिक झिजतो, कठीण पट्टा वर राहतो आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. दुसरा गुण पाण्याविषयीचा. तासताना आणि घासताना जे तंतू दबून बसलेले असतात ते पाण्याचा स्पर्श होताच फुगून उभे राहतात. तुम्ही पोस्टर कलरचा पहिला हात दिल्यावर गुळगुळीत लाकूड एकाएकी काटेरी होते, ते यामुळे.

रंगाला खळगा का बुजविता येत नाही?

पुष्कळांची अशी समजूत असते की रंगाचे हात वाढविले की रेघा आपोआप बुजतात. माझीही हीच समजूत होती. परंतु ऑइल पेंटचा एक हात वाळल्यावर त्याची जाडी साधारणपणे ०.०३ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी भरते. सागवानाचा चर याच्या कित्येक पट खोल असतो. त्यातही रंगाचा बराच भाग पातळ करणाऱ्या द्रवाचा असतो आणि तो वाळताना उडून जातो. चर ओल्या रंगाने काठोकाठ भरला तरी वाळल्यावर तिथे पुन्हा खळगा पडतोच. तळ्यातील पाणी आटले की तळाचा आकार दिसू लागावा, तसाच हा प्रकार.

मग जाड हात द्यावा म्हटले तर निराळीच आपत्ती. ऑइल पेंट नुसता पातळ करणारा द्रव उडून वाळत नाही. त्यातील तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. जाड हाताची वरची साय आधी घट्ट होते आणि आतला रंग तसाच ओला राहतो. पुढे तो आकसला की साय सुरकुतते. त्यातून सागवानाच्या अंगी जे नैसर्गिक तेल असते ते रंगाच्या वाळण्यात व्यत्यय आणते. आमची होडी सकाळीही चिकट का होती, याचा उलगडा मला असा झाला.

तात्पर्य, रंगाचे काम रंगविणे एवढेच. खळगा बुजविण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी आधी करून ठेवले पाहिजे. त्या दुसऱ्याला आपल्याकडचे रंगारी ‘लांबी’ म्हणतात. मोजमापाच्या लांबीशी तिचा काही संबंध नाही; खडूची किंवा तशीच बारीक पूड चिकट पदार्थात कालवून केलेला हा लेप असतो. पुढे घोटाळा होऊ नये म्हणून मी त्याला लेपच म्हणेन.

जुने कारागीर काय करीत

ही युक्ती नवी नाही. आपल्या सरहद्दीला लागून असलेल्या सावंतवाडीची चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी आणि हुबेहूब फळांसाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्हांस ठाऊकच असेल. तेथीलच दुसरी प्रसिद्ध कला गंजिफांची. खेळाच्या या गोल पानांवर चिंचोक्यांची खळ आणि खडूची पूड यांचा थर देऊन तो दगडाने घोटून काढतात आणि मगच चितारी त्यावर दशावतारांची चित्रे काढतो. नामशेष होऊ लागलेली ही कला १९७० नंतरच्या काळात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. गंजिफाचे चित्र आपण कौतुकाने पाहतो. त्याखालचा घोटलेला थर कोणी पाहत नाही. परंतु तो नसता तर केसाएवढी बारीक रेघ ओढणारा कुंचला पावलोपावली अडखळला असता.

कर्नाटकात कोप्पळजवळ किन्नाळ नावाचे गाव आहे. तेथील चित्रगार लाकडी मूर्ती आणि खेळणी करतात. मूर्तीचे सुटे भाग जोडल्यावर सांधे आणि खळगे बुजविण्यासाठी ते लाकडाचा भुसा आणि चिंचोक्यांची खळ यांचा लगदा वापरतात. मूर्ती एकसंध दिसते ती त्या लगद्यामुळे.

आता पश्चिमेकडे वळू. इटलीत सुमारे १४०० साली चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने आपल्या कलेची एक हस्तपुस्तिका लिहिली. लाकडी फळीवर चित्र काढण्यापूर्वी सरस आणि जिप्समची पांढरी बारीक पूड यांच्या मिश्रणाचे निदान आठ हात द्यावेत आणि ते खरवडून सपाट करावेत, असे त्याने सांगून ठेवले आहे. लाकडावर सोन्याचा वर्ख चढविण्याची युरोपीय पद्धतही अशाच पांढऱ्या थरावर उभी आहे. आणि पोर्तुगीज अमदानीत ती गोव्यात आली. जुने गोवे येथील चर्चमधील सोनेरी वेद्या तुम्ही सहलीत पाहिल्या असतील. तो वर्ख इतका पातळ असतो की त्याखाली लाकडाची एक रेघ राहिली तरी ती लपत नाही.

पाहा, देश निराळे, धर्म निराळे, माल निराळा. कुठे चिंचोका, कुठे सरस. परंतु रीत एकच. पूड आणि चिकट पदार्थ यांचा थर द्यावा, तो घासावा, आणि मगच रंगाला हात घालावा.

कृती

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. सारे साहित्य तालुक्याच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

पहिली गोष्ट लाकडाची निवड. शक्य तर हेदू, काळा कुडा किंवा शिवण घ्यावे. सागवान कोरावयास चांगले, पण प्रतिकृती रंगविण्यासाठी ते श्रम वाढविते. लाकूड पुरते वाळलेले असावे. ओले लाकूड वाळताना आकसते, आणि तेही सर्व दिशांना सारखे नाही: लांबीत जवळजवळ काहीच नाही, वार्षिक कड्यांच्या दिशेने मात्र आरपार दिशेच्या सुमारे दुप्पट. असे लाकूड रंगविले तर वरचा थर तडकतो.

दुसरी गोष्ट घासणे. पॉलिश पेपरच्या पाठीवर क्रमांक असतो. क्रमांक जसा वाढतो तसे कागदावरील कण बारीक होतात. १२० क्रमांकाच्या कागदावरील कण सुमारे ०.१२५ मिलिमीटरचे, २४० चे सुमारे ०.०६, आणि ४०० चे सुमारे ०.०३५ मिलिमीटरचे असतात. म्हणजे १२० च्या कागदाने पडलेला ओरखडा रंगाच्या थराहून मोठा असू शकतो आणि तो रंगातून दिसणारच. म्हणून १२० ने आकार साफ करावा, मग १८०, मग २४०, असे क्रमाने जावे. मधला क्रमांक गाळू नये. कारण आधीच्या कागदाचे ओरखडे पुसणे एवढेच पुढच्या कागदाचे काम असते. घासताना रेघांच्या दिशेनेच घासावे, आडवे नको. सपाट भागासाठी कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा. होडीच्या बुडासारख्या गोलाईसाठी जुने खोडरबर उत्तम. ते गोलाईप्रमाणे किंचित वाकते, परंतु बोटासारखे मऊ पट्ट्यात रुतत नाही. पॉलिश पेपर मिळू लागण्यापूर्वी आपल्याकडे खरवतीसारख्या रानझाडांची खरखरीत पाने याच कामासाठी वापरीत.

तिसरी गोष्ट, तंतू मुद्दाम उभे करणे. फडके पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि साऱ्या प्रतिकृतीवरून एकदा फिरवावे. वाळल्यावर हात लावून पाहा. लाकूड काटेरी लागेल. घाबरू नये. जे तंतू पुढे रंगाखाली उठून दगा देणार होते ते आताच उठले. २४० च्या कागदाने ते अलगद कापून काढावेत. जोर लावला तर ते पुन्हा दबून बसतील.

चौथी गोष्ट, लाकडाची तहान भागविणे. त्यासाठी चपड्याची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ द्रावण करावे. २५ ग्रॅम चपडा आणि पाव लिटर स्पिरिट हे प्रमाण पुरे. बरणीचे झाकण लावून ती रात्रभर ठेवावी, अधूनमधून हलवावी. याचा एक पातळ हात सर्वत्र द्यावा. जिथे लाकूड आडवे कापले आहे, म्हणजे होडीच्या दोन्ही टोकांना, तिथे दोन किंवा तीन हात द्यावेत. तिथे नळ्यांची तोंडे उघडी असल्यामुळे लाकूड फार पिते. वाळल्यावर ३२० च्या कागदाने एकदा हलकेच पुसल्यासारखे घासावे.

पाचवी गोष्ट लेप, आणि साऱ्या कामाचा कणा हाच. सुतारकामाचा पांढरा गोंद एक भाग आणि पाणी दोन भाग एकत्र करावे. त्यात वस्त्रगाळ केलेली खडूची पूड थोडी थोडी घालून दाट ताकासारखे होईपर्यंत ढवळावे. गुठळी राहू देऊ नये. ज्यांना जुन्या पद्धतीने करून पाहावयाचे असेल त्यांनी चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटावेत आणि पाण्यात शिजवून खळ करावी. मात्र ती दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. लेप कुंचल्याने रेघांना आडवा लावावा, म्हणजे तो चरांवरून घसरून न जाता आत बसतो. थर पातळ असावा. पुरता वाळल्यावर ठोकळ्यावर २४० चा कागद घेऊन तो घासावा, इतका की लाकडाचे उंच भाग पुन्हा दिसू लागतील. केलेले सारे पुसून टाकल्यासारखे वाटते आणि नवशिक्याचा जीव इथेच हळहळतो. परंतु उंचावरचा लेप आपल्याला नकोच आहे. चरांत बसलेला तेवढा हवा आहे. असे हेदूला दोनदा, शिवणीला तीनदा आणि सागवानाला निदान चारदा करावे.

सहावी गोष्ट परीक्षा. डोळ्यांवर विश्वासू नये. पांढऱ्या लेपात बारीक खळगे दिसत नाहीत. पेन्सिलीचे शिसे घासून त्याची पूड करावी आणि कापसाने साऱ्या प्रतिकृतीवर चोळावी. मग ४०० च्या कागदाने हलकेच घासावे. जिथे पृष्ठभाग सपाट आहे तिथली काळी पूड निघून जाईल. जिथे खळगा आहे तिथे काळा ठिपका किंवा काळी रेघ राहील. त्या जागी पुन्हा लेप. दुसरी परीक्षा दिव्याची: संध्याकाळी खोलीत एकच दिवा बाजूला ठेवून त्याच्या तिरक्या उजेडात प्रतिकृती फिरवावी. समोरच्या उजेडात जे लपते ते तिरक्या उजेडात सावली टाकते. परीक्षा संपल्यावर शिशाची पूड पुसून काढावी, नाही तर ती पुढच्या रंगात मिसळेल.

सातवी गोष्ट प्रायमर आणि रंग. पांढऱ्या किंवा करड्या प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावर ४०० च्या कागदाने घासावा. मग रंग. मऊ केसांचा कुंचला घ्यावा, रंग थोडा पातळ करावा, आणि एकदा फिरविलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा कुंचला ओढू नये. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही बरे. दोन हातांच्या मध्ये ६०० क्रमांकाचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून हलकेच फिरवावा आणि प्रतिकृती स्वच्छ पुसून वाळू द्यावी. शेवटचा हात दिल्यावर ती उलट्या टोपलीखाली झाकून ठेवावी. नाही तर धूळ आणि चिलटे आपापली सही करून जातात.

दिवसाला एक हात, असा नेम ठेवावा. या हिशेबाने लहानशा होडीलाही दहा-बारा दिवस लागतात. यांपैकी प्रत्यक्ष काम रोजचे अर्धा तासच. बाकीचा वेळ वाळण्याचा. पावसाळ्यात हे काम शक्यतो करू नये. दमट हवेत तेलाचा रंग रेंगाळतो आणि लाखेच्या थरावर पांढुरकी झाक येते. आपल्याकडे दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

चुका आणि त्यांची कारणे

रंगातून रेघा दिसल्या तर लेप कमी पडला. पृष्ठभाग काटेरी लागला तर तंतू उभे करण्याची पायरी गाळली. टोकांचा रंग फिका पडला तर तिथे लाखेचा हात कमी पडला. लाटा दिसल्या तर ठोकळ्याविना घासले. सुरकुत्या पडल्या तर हात जाड झाला. रंगाचे पापुद्रे निघाले तर खाली धूळ किंवा तेलकट बोटांचे डाग राहिले. यांतील एकही दोष रंगाचा नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

सावधगिरी

स्पिरिट, थिनर आणि टर्पेंटाईन चटकन पेट घेतात. त्यांचे काम उघड्या खिडकीपाशी आणि वडील माणसाच्या देखतच करावे. जवळ दिवा किंवा शेगडी नसावी. स्पिरिट विषारी असते, म्हणून त्याची बरणी पाण्याच्या बरणीसारखी दिसू नये. तिच्यावर ठळक चिठ्ठी लावावी. बेलतेलाने किंवा तेलाच्या रंगाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी अंगणात पसरून वाळवावीत. घासताना नाकातोंडावर रुमाल बांधावा. घरातल्या माळ्यावर सापडलेला रंगाचा जुना डबा वापरू नये आणि जुना रंग कोरडा खरवडू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांत शिसे पुष्कळ असू शकते, आणि मुलांच्या शरीराला ते फार घातक असते. पेन्सिलीत जे असते त्याला आपण शिसे म्हणतो खरे, परंतु ते ग्रॅफाइट, कार्बनचा एक प्रकार. त्याचे भय नाही.

आता त्या होडीचे पुढे काय झाले ते सांगून लेख पुरा करते.

मे महिन्याच्या सुटीत मी त्या मुलाला बोलावून घेतले. आधी त्याची क्षमा मागितली आणि तासण्यात त्याचा काही दोष नव्हता हे सांगितले. त्याने ते ऐकून घेतले. विश्वास ठेवला की नाही, ते मला कळले नाही. मग आम्ही होडीचा निळा रंग वॉटर पेपरने ओला ठेवून घासून काढला. खालचे लाकूड दिसू लागले तेव्हा त्यावर एकही वेडावाकडा घाव नव्हता. ते त्याने स्वतः पाहिले, बुडावरून दोनदा बोट फिरविले, आणि तेव्हा कुठे त्याचा चेहरा मोकळा झाला. पुढचे बारा दिवस आम्ही वर लिहिलेल्या क्रमाने काम केले. सागवानाने चार लेप घेतले आणि पाचवाही मागितला.

काम अगदी निर्दोष झाले असे मात्र नाही. पावसाळा उलटल्यावर होडीच्या मागच्या टोकाला तीन-चार बारीक रेघा पुन्हा दिसू लागल्या. त्या मला दिसण्यापूर्वी त्यालाच दिसल्या. “मागच्या टोकाला लाखेचा एक हात कमी दिला होता, बाई,” तो म्हणाला. आपल्या कामातील उणीव दाखविताना त्याला त्या दिवशी मुळीच वाईट वाटले नाही. कारण आता त्याला तिचे कारण ठाऊक होते.

सुटी संपताना त्याने होडी घरी नेऊन आजोबांच्या हातात दिली होती. गुळगुळीत रंगाविषयी आजोबा एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी होडी डोळ्यांजवळ धरली, उलांडीचे दांडे जिथे बांधतात ती जागा निरखली, आणि दोरीचा एक वेढा कमी पडला आहे, आम्ही तीन घेत असू, असे सांगितले. मुलाने हे मला सांगितले तेव्हा त्याला थोडे हिरमुसल्यासारखे झाले होते. मला मात्र फार समाधान वाटले. आजोबांना ना लाकूड दिसले, ना रंग. त्यांना त्यांची होडी दिसली.